भेकर भुंकलं तेव्हा तू गाडीत होतास

संगमेश्वर तालुका,
१७ मे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो हे आईने तुला कळवलंच आहे. फोन करायचा तर अजूनही कातळावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि तिथे उन्हात उभं राहिल्यावर जेवलास का, बरा आहेस का, यापुढे बोलणं जात नाही. म्हणून कागद घेतला.

तुझ्याकडे इंग्लंडात असताना त्या शनिवारी तू मला ब्रॅडफील्ड वुड्स या रानात नेलंस. गाडी लावलीस आणि म्हणालास, "बाबा, तुम्ही व्हा पुढे, मी एक कॉल आटपून आलोच." कॉल दोन तास चालला. परतताना तू विचारलंस, "कसं वाटलं?" मी "छान" म्हणून भागवलं. सांगायला लागलो असतो तर तुझ्या-माझ्यातलं ते जुनं भांडणही निघालं असतं, आणि तू गाडी चालवत होतास.

आधी रानाचं सांगतो.

फाटकाशी रानाची माहिती लावली आहे, ती मी चष्मा पुसून दोनदा वाचली. हे रान बरी सेंट एडमंड्सच्या ख्रिस्ती मठाचं होतं. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखंच म्हण ना. १२५२ पासूनची त्याची नोंद सापडते, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता तेव्हाची. पुढे आठव्या हेन्री राजाने सगळे मठच मोडीत काढले, त्यात १५३९ मध्ये हाही गेला. मठ गेला, रान राहिलं. मी मनात म्हटलं, ही यांची देवराई. आपल्या देवराईतली वाळकी काडीसुद्धा कोणी घरी आणत नाही. आजीने एकदा चुकून सरपणात आणली तर तिला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं लागलं होतं. तसंच काहीतरी असणार, नाहीतर पावणेआठशे वर्षं झाडं टिकतील कशी?

आणि पन्नास पावलं गेलो तर पुढे एकरभर जागा पार बोडकी! नुसते बुंधे. माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, इथेही ठेकेदार पोचला.

खाली वाकून बघितलं तेव्हा उलगडा झाला. घाव जमिनीलगत आणि तिरका, पाणी वर साठू नये असा. कोयती धरलेल्या माणसाला तो घाव कळतो. शेजारी तोडलेले हेझल नावाच्या झाडाचे दांडे जाडीप्रमाणे वेगवेगळे रचले होते. मनगटाएवढे एका ढिगात, अंगठ्याएवढे दुसऱ्या ढिगात, बारीक डहाळ्या तिसरीकडे. ठेकेदार असं रचत नाही, तो ट्रकमध्ये कोंबतो.

तर हे रान १२५२ पासून टिकलंय ते तोडत राहिल्यामुळे! घाटावर उसाचा खोडवा ठेवतात तसंच हे, फक्त झाडाचं. एक तुकडा तोडायचा, मग पुढच्या हिवाळ्यात त्याच्या शेजारचा. हेझलची पाळी सात-दहा वर्षांनी येते, ॲश नावाच्या झाडाची वीस-पंचवीस वर्षांनी. मधून मधून ओक मात्र वाढू देतात, ते घराच्या तुळयांसाठी. तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात, ते वाढतात, पुन्हा तोडतात. बुंधा मरत नाही, उलट रुंद होत जातो. तिथल्या सर्वांत जुन्या ॲशच्या बुंध्याचं वय जाणकार हजार वर्षांच्या आसपास धरतात. मी ज्याच्याभोवती फिरलो तो त्या मानाने पोरसवदाच, तरी अकरा पावलं भरली. मध्ये पोकळ, मातीने भरलेला, आणि कडेने वाड्याच्या खांबांसारखे सरळसोट दांडे उभे. काहींचे शेंडे वाळलेत. ॲशवर बुरशीचा रोग आलाय, इंग्लंडात तो २०१२ मध्ये आढळला. तेवढं बघून वाईट वाटलं.

दोन वर्षांपूर्वी तोडलेल्या तुकड्यात गेलो तर जमीन दिसेना, इतकी फुलं. ऊन खालपर्यंत पोचलं की मातीत वर्षानुवर्षं दबून बसलेलं सगळं उठतं. पांढरी ॲनिमोनी होती आणि एक फिकट पिवळं, सगळी फुलं एकाच बाजूला मान टाकलेलं. ते ऑक्सलिप. सफोक, एसेक्स आणि केंब्रिजशर जिथे मिळतात तेवढ्या मुलखाबाहेर ते त्या देशात जवळपास मिळतच नाही. आईसाठी फोटो काढला, पण त्यात माझा अंगठाच जास्त आलाय.

त्या दांड्यांना अजून गिऱ्हाईक आहे. वेलींना आधार द्यायला काठ्या जातात, बाकी जळणाला. हेझलची काडी उभी चिरून, मध्ये पिळून आकड्यासारखी वाकवतात आणि तिने गवती छपराचा पेंढा आवळून ठेवतात. आपल्या गोठ्याची शाकारणी आठवली. जवळच्या गावात एक कारखाना होता, तिथे या रानातल्या लाकडाचे दंताळे आणि दांडे व्हायचे. १९६० च्या दशकात याच रानाचा मोठा भाग उखडून त्याची शेतं केली तेव्हा उरलेलं वाचवायला गावकरी उभे राहिले. आता सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट बघतं. यातलं मला काय भिडलं सांगू? सातशे वर्षं कुऱ्हाड चालली तेव्हा रान होतं. ज्या तुकड्यावरची कुऱ्हाड थांबवून नांगर घातला, तो मात्र गेला.

मग रानाच्या हद्दीला गेलो. तिथे मातीचा बांध आहे आणि बाहेरच्या अंगाला चर. आता झिजून गुडघ्याएवढा उरलाय, त्यावर शेवाळ. हा यांचा गडगा! मठवाल्यांच्या काळापासूनचा. गुरं आणि हरणं आत शिरू नयेत म्हणून. कोवळा फुटवा दोन-तीन वर्षं जपला नाही, तर बुंधा पुन्हा पुन्हा फुटून थकतो आणि मरतो. तोडणं अर्ध्या दिवसाचं काम, राखणं तीन वर्षांचं.

तिथे बांधावर बसून डब्यातला लाडू खात होतो, आणि मागे भेकर भुंकलं.

खोटं नाही सांगत. तोच आवाज, कुत्रा घसा बसल्यावर भुंकावा तसा, एक-एक करून, थांबून थांबून. मी आपल्या वरच्या खोऱ्यातच असल्यासारखा उठून उभा राहिलो. झुडपातून ते छोटं हरीण बाहेर आलं, पाठ कमानीसारखी, आपल्या भेकरापेक्षा जरा ठेंगणं. माझ्याकडे पाहिलं आणि शेपूट वर करून गेलं. ते चीनकडचं भेकर, त्याला तिथे मुंटजॅक म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका ड्यूकने हौसेखातर वोबर्नच्या आपल्या बागेत आणून ठेवलं होतं, तिथून निसटून देशभर झालंय. आता तेच फुटवे खातं म्हणून तोडलेल्या तुकड्याला कुंपण घालावं लागतं. मी तुला हाक मारणार होतो, पण गाडीच्या काचा वर होत्या आणि तू हातवारे करून कोणाला तरी काही समजावत होतास.

आता ते भांडण. २००८ साली मी वरच्या डोंगरावरचं रान ठेकेदाराला दिलं. तू बारावीत होतास. ऐन, किंजळ, कुंभा, सगळं आठ दिवसांत उतरलं. तू दोन दिवस जेवला नाहीस आणि मला म्हणालास, "बाबा, तुम्ही डोंगर विकलात." पैसे कुठे गेले ते तुला ठाऊक आहे, मी ते कधी बोललो नाही आणि आताही हिशोब मांडत नाही. पण इतकी वर्षं मी मनात एकच घोकत आलो, की तोडायला नको होतं.

बांधावर बसून पहिल्यांदा नीट कळलं. आजोबाही त्याच डोंगराचं कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडत, दरवर्षी, भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजायला. त्यांच्या तोडण्याने झाड गेलं नाही. माझं चुकलं ते पुढचं. ठेकेदार गेल्यावर मी त्या डोंगराकडे पाठ फिरवली. गडगा दोन ठिकाणी ढासळला होता, तो लावला नाही. वाडीची गुरं-शेरडं आत चरली, मी कोणाला बोललो नाही. दोनदा वणवा गेला, तेव्हा मी खाली अंगणात उभा राहून बघत होतो. तोडल्याची लाज वाटत होती म्हणून राखायलाही गेलो नाही, असं ते झालं.

आल्यावर चौथ्या दिवशी वर गेलो. गुडघा कुरकुरतो, पण पोचलो. तुला वाटतं तितकं संपलेलं नाही रे. कुंभा वणव्याला दाद देत नाही, ऐनाचे बुंधेही जिवंत आहेत, फक्त खुरटलेले. पिंपळाच्या वळणावरच्या एका ऐनाला फुटवे मोजले, सतरा. गडगा आम्ही दोघांनी मिळून लावायला घेतलाय, जांभ्याचे चिरे तिथेच पडलेत, नवे आणावे लागत नाहीत. वाडीत सांगून आलो, तीन पावसाळे गुरं वर नकोत. शेजारच्या काकांनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले.

फुटव्यांपैकी दोन ठेवावे असं माझं मत, आई म्हणते तीन ठेवा, एखादा जायचाच. तू ये आणि ठरव. दिवाळीत रजा मिळत असेल तर तोवर मी कोयती लावत नाही.

तिथे पाच पौंडांना घेतलेली हेझलची काठी तुझ्या डिकीतच राहिली आहे. येताना विमानात घेऊ देत असतील तर आण, नाहीतर राहू दे.

तुझा,
बाबा