गणपतीला आम्ही दोघी येतोय

प्रिय आई-बाबा,

फोनवर माझ्या आणि माझ्या जोडीदारणीच्या नात्याचा विषय काढला की आई तू रडायला लागतेस आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय, दोघांनी मिळून वाचा.

बाबा, तुमचं नेहमीचं म्हणणं, दोन बायकांच्या लग्नाला सुप्रीम कोर्टानेच नाही म्हटलंय मग आम्ही कसं मान्य करायचं. 17 ऑक्टोबर 2023 ला आम्ही दोघी रजा टाकून तो निकाल ऐकत होतो. लग्न हा मूलभूत हक्क नाही असं पाचही न्यायमूर्ती म्हणाले, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये बदल करायचा तर तो संसदेने करावा, आणि जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. पण आमच्यासारख्यांना एकत्र राहायचा हक्क आहे हेही त्याच निकालात आहे, ते तुम्ही कधी बोलत नाही.

आणि आत्याचं आठवा ना. तिचं लग्न ह्याच स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालेलं, कायद्याने एकदम पक्कं, तरी काकांची जात वेगळी म्हणून आजोबांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. राखीपौर्णिमेला तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून गुपचूप तिच्याकडे न्यायचात, ती दार उघडून तुम्हाला बघितलं की आधी रडायची आणि मग ओवाळायची. कायदा होता पण तिला माहेर नव्हतं बाबा, ते तुम्ही दिलंत, आजोबांचा राग पत्करून दिलंत. उलट तुमचं स्वतःचं लग्न, दादाकडे अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हा व्हिसासाठी सर्टिफिकेट काढायला धावपळ झाली, लग्नपत्रिका शोधायला आईने ट्रंक उपसली, तोपर्यंत इतकी वर्षं कुणी कागद मागितला होता का? अख्ख्या गावाने अक्षता टाकलेल्या.

कायदा नको असं मी म्हणत नाहीये, फार हवाय. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मध्यरात्री मला उचलून हॉस्पिटलात माझ्या जोडीदारणीनेच नेलं, पण फॉर्मवर सही करायला गेली तर काउंटरवरचा माणूस म्हणाला रक्ताच्या नात्यातलं कोणीतरी बोलवा, मग चुलतभाऊ चिंचवडहून येईपर्यंत ती तिथे नुसती उभी. 2024 च्या ऑगस्टमध्ये सरकारने सांगितलं की आमच्यासारख्या जोडप्यांना जॉइंट अकाउंट काढायला, एकमेकांना नॉमिनी लावायला काही आडकाठी नाही, ते आम्ही लगेच करून घेतलं, पण उद्या मला काही झालं तर वारस म्हणून तिचं नाव कुठेच नाही, म्हणून मृत्युपत्र करायला घेतलंय. ह्या वयात मृत्युपत्र, आई ऐकून घाबरू नकोस.

संसदेत हे कधी होईल मला माहीत नाही आणि त्यासाठी मी तुम्हाला मोर्चात चला म्हणत नाहीये. तुमच्या हातात जे आहे तेवढंच मागतेय. गणपतीला आम्ही दोघी येतोय. शेजारच्या काकूंनी विचारलं तर रूममेट म्हणू नका प्लीज. आई, गौरी जेवणाच्या दिवशी तिचं पान आपल्याच पंगतीत मांड, पुरणपोळी तिला दुधाबरोबर लागते, तुपाबरोबर नाही. बाबा, ती बँकेत आहे, तुमचे ते एफडीचे प्रश्न तिला विचारा, माझ्यापेक्षा खूप चांगलं सांगेल.

नकोच वाटत असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी तिकिटं शनिवारी काढणारे.

तुमची,
ताई