पेशी निमूटपणे सोसत नाहीत, ओढतात

मा. संपादक,
स. न.

काल पुरवणीतला पेशींवरच्या दाबाचा लेख वाचला. राशीभविष्याच्या शेजारी विज्ञान छापलंत, म्हणून आधी बरंच वाटलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल, ते मिळवणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ पटापुशियन, काचेच्या बारीक नळीने पेशीला टोचायचं आणि एकेक जीन बंद करत जायचं, शेवटी ७२ व्याला पिएझो, म्हणजे पेशीला दाब कळवणारं प्रथिन, सापडला, हे सगळं छान लिहिलंय. पण शेवटी काय, तर 'बाहेरचा ताण पेशी निमूटपणे सोसत असते'. निमूटपणे? लेखकमहाशयांनी भाजल्याचा व्रण जवळून बघितलेला दिसत नाही.

मी बघितलाय. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याने ओट्यावरचं आमटीचं पातेलं ओढलं, उजव्या कोपराच्या आतली बाजू, जिथे हाताची घडी पडते तिथेच पोळलं. दवाखान्यात ड्रेसिंग व्यवस्थित केलं, त्याबद्दल तक्रार नाही, काही आठवड्यांनी जखम बंद झाली आणि सांगितलं, आता खोबरेल लावत जा, बाकी काही नाही. दोनेक महिन्यांनी शाळेचा शर्ट घालताना हात बाहीत सरळ जाईना. मला वाटलं नाटकं करतोय, चांगली बोलले त्याला. मग उजेडात नेऊन बघितलं तर कातडीखाली दोरीसारखी कडक रेघ, आणि हात जरा सरळ करायला गेलं की तेवढीच पांढरी पडायची.

मग दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिथल्या फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, जखम शिवायला आलेल्या पेशी अजून घरी गेलेल्या नाहीत हो. मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात त्यांना, गॅबियानी नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये जखमेतल्या कोवळ्या मांसात दाखवल्या. त्यांच्या आत अ‍ॅक्टिनचे दोर आणि ते खेचणारं मायोसिन, म्हणजे स्नायूतलंच सामान. काम झालं की त्यांनी मरून जायचं असतं, पण राहिल्या तर ओढतच बसतात, वर आजूबाजूचा भाग जितका कडक लागेल तितक्या आणखी जोर लावतात. गोधडीचा धावदोरा जास्त खेचला की कापड कसं गोळा होतं, अगदी तसं. नंतर हौसेने वाचलं, १९८० मध्ये हॅरिस या शास्त्रज्ञाने सिलिकॉन रबराच्या एकदम पातळ पडद्यावर पेशी सोडल्या तर रबराला चक्क सुरकुत्या पडल्या! दिसायला सुद्धा भिंग लागतं अशा जीवाने रबर चुरगळलं, आणि आपण म्हणतो निमूट.

शेवटी व्रणावर झेडच्या आकाराचे काप देऊन ऑपरेशन करावं लागलं, रात्री स्प्लिंट, आणि दिवसाचे २३ तास घट्ट बाही, ती पण मे महिन्यात. पोराने काय काय ऐकवलं असेल मला. हात कोपरात सरळ ठेवणारा स्प्लिंट पहिल्या आठवड्यांतच बांधला असता तर यातलं बरंचसं टळलं असतं, असं ताईच म्हणाल्या. आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि जखम सुकली म्हणून मी पेढे वाटून मोकळी!

आणि हो, लेखासोबतचं चित्र. हिरवे ठिपके आणि चौकोनी भिंत असलेली पेशी माणसाची नसते, ते पानातलं आहे. दहावीचं पोर सांगेल. पुरवणीला कुणी वाचून बघणारं ठेवलंय की नाही?

माझं मागचं पत्र (पाण्याच्या वेळांचं) तुम्ही निम्मं कापून छापलं होतं. याही वेळी जागा नसेल तर हॅरिस कापा, गोधडीसुद्धा कापा, स्प्लिंटचं तेवढं राहू द्या.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर
(नाव छापू नये)