म्हशीचा घास

बर्लिन, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई "जेवलीस का" याच्या पुढे जात नाही, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. चिऊ मोबाईलवर वाचून दाखवेल. आज रविवार, इथली दुकानं कडकडीत बंद, त्यामुळे मला वेळच वेळ आहे.

तर आई, जेवले. काय जेवले ते ऐकून बाबा हसतील. आपली म्हैस खाते ते जेवले, आणि वर साडेसात युरो मोजले. सात-आठशे रुपये झाले बघा.

"माळकऱ्याची पोर तिकडं काय खाणार?" असं बाबा एसटी स्टँडवर म्हणाले होते ना, तसंच झालं. इथे व्हेजिटेरियन म्हटलं तरी अंडं चालतं. केकात तर ते असतंच. चीजचीही गंमत आहे. काही चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, पार्मेझान तर त्याशिवाय होतच नाही. हे कळल्यावर पहिले दोन दिवस केळी आणि तुझ्या दशम्यांवर काढले. मग ऑफिसातल्या एकीने सांगितलं, पाकिटावर पिवळ्या गोलात हिरवा व्ही असतो, त्याच्याखाली व्हिगन लिहिलंय का ते बघायचं. व्हिगन म्हणजे मांस-अंडं तर नाहीच, पण दूध, तूप, मधसुद्धा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिनेच सांगितलेल्या एका व्हिगन डेलीत गेले. डेली म्हणजे तयार खाणं वजनावर विकणारं दुकान, काचेआड सगळं मांडलेलं असतं, पाहिजे तेवढं कापून देतात. आत पाय टाकला आणि उलट्या पावली बाहेर आले. काचेआड सॉसेजच्या माळा, गुलाबी हॅमच्या चकत्या! वाटलं, खाटकाच्याच दुकानात शिरले की काय. पाटी पुन्हा वाचली. व्हिगनच होती. खरं सांगू, मांस सोडून मांसासारखंच दिसणारं का करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

गल्ल्यावरच्या मुलीने माझं तोंड बघितलं असावं. तिने आपणहून समजावलं. गव्हाची कणीक मळायची, थोडा वेळ मुरू द्यायची, मग पाण्यात चोळून चोळून धुवायची. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो मसाल्याच्या पाण्यात शिजवला की झालं. नाव सेइतान. आई, दचकू नकोस, सैतान नव्हे.

मी तिथेच हसायला लागले. आपण कुरडयांना गहू तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, वाटून फडक्यातून पिळतो, आणि ते पांढरं पाणी जिवापाड जपतो. तोच तर चीक! उरलेला चोथा पाटीत घालून म्हशीपुढे. या लोकांनी चीक ओतून दिला आणि चोथ्यातला चिवटपणा ताटात वाढला. (चोथ्यात कोंडाही असतो, तो यांच्याकडे नाही, एवढाच फरक.) तिला हे कसंबसं सांगितलं. सोऱ्यातून काढायची खूण हाताने करून दाखवली तर तिला ते शेवयांचं यंत्र वाटलं.

काळपट राय ब्रेडमध्ये घालून खाल्लं. चव धुरकट, लसणाची, चावायला सोयाबीनच्या वड्यांहून घट्ट. वाईट नव्हतं. त्यापेक्षा ब्रेडला लावायला दिलेली घेवड्याची चटणी आवडली. उकडलेला लाल घेवडा, कांदा, मिरे, सगळं वाटलेलं. इथे काळजाच्या सॉसेजऐवजी खातात. आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा असता तर अजून चव आली असती.

चहात ओटचं दूध मिळालं. बाबा, खोक्यावर दूध लिहिलेलं नाही, 'हाफरड्रिंक' लिहिलंय, म्हणजे ओटचं पेय. युरोपच्या न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं की वनस्पतीपासून केलेल्याला दूध म्हणून विकायचं नाही. डेअरीत दुधाला सहा फॅट, नऊ एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) लागलं नाही तर तुम्ही आठवडाभर कुरकुरता, तुम्हाला हा निकाल पटेल.

आता मुद्द्याचं. निघताना ती मुलगी म्हणाली, ती रोज बी-बारा व्हिटॅमिनची गोळी घेते, कारण ते भाजीपाल्यातून मिळत नाही, दूध-दुभतं सोडलं की बाहेरूनच घ्यावं लागतं. मला दिवाळीनंतरचा तुझा रिपोर्ट आठवला, आई. हातापायाला मुंग्या, आणि मग ती इंजेक्शनं. गोठ्यात दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ किटली डेअरीत, आणि तू चुलीपाशी कोरा चहा पीत बसतेस. ताकसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर. ती मुलगी ठरवून दूध सोडते आणि आठवणीने गोळी घेते. तू ना दूध घेतेस, ना गोळी.

बाबा, उद्यापासून किटली भरायच्या आधी अर्धा लिटर बाजूला काढा. आई नाही म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका.

बुधवारी रात्री पुण्यात पोचते, शनिवारच्या गाडीने कोरेगावला. कुरडयांचे गहू गुरुवारी भिजत घाल, म्हणजे चीक घाटायला मी असेन. दोन वाट्या काढायच्या, दूध-गूळ घालून, आणि तुझी आधी.

तुमची,
धाकटी