मॉर्फिनची गोळी तालुक्याला मिळू द्या

संपादक महोदय,

शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटनं 'सकारात्मक' कसं राहावं, यावर पुरवण्यांतून पुष्कळ छापून येतं. मी तसलाच पेशंट. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात आणि खुब्यात उतरलाय. माझा दिवस चालतो तो घड्याळावर.

सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ला मॉर्फिनची, म्हणजे जबर दुखणं दाबणाऱ्या औषधाची, एकेक गोळी. रात्री १०ला दोन, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. दुखो न दुखो, वेळेला घ्यायचीच. कळ एकदा वर चढली की गोळीला दाद देत नाही. जोडीला पोट साफ होण्याचं औषध. ते चुकलं तर कॅन्सर परवडला म्हणायची पाळी येते.

ताकदीचा हिशेब मी सुट्ट्या पैशांसारखा ठेवतो. पहिल्याच फेरीत सुट्टे उधळणारा वाहक दिवसभर प्रवाशांशी भांडत बसतो. आंघोळ म्हणजे मोठी नोट. मोरीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकलीय, पाणी आमची मंडळी घालते. त्या दिवशी दाढी नाही, भेटायला कुणी नको. एरवी खाटेवर बसून मटार सोलतो, लसूण निवडतो, नातीचे पाढे घेतो. सतराच्या पाढ्याशी गाडी अडते.

दिवाळीत धाकटे बंधू आले. "आबा, ही अफूची गोळी, सवय लागेल," म्हणाले आणि पाकीट माळ्यावर टाकलं. मीही गप्प राहिलो, मनात तीच भीती होती ना! पुढच्या दोन रात्री कूस बदलता आली नाही, बायकोच्या डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बंधूंना फोनवर झाडलं: दुखण्यासाठी मोजून घेतलेल्या गोळीचं व्यसन सहसा लागत नाही, उलट एकदम बंद केली तर अंगाला सोसत नाही. गोळी सुरू झाली म्हणजे माणूस संपला, असंही नसतं.

आता खरी तक्रार. ही गोळी आमच्या तालुक्यात कुठेच मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात परवान्यांचं जंजाळ होतं, हे मान्य. पण २०१४च्या दुरुस्तीनं ते कमी केलं. राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता घेतलेल्या रुग्णालयाला मॉर्फिन ठेवता येतं. मान्यता मागायची कोणी? विचारलं तर उत्तर येतं, "गोळी-गोळीचा हिशेब ठेवावा लागतो, कटकट नको." हिशेबाचं मला सांगू नका. बॅगेत रुपया कमी भरला तर खिशातून भरलाय.

मुलगा एमआयडीसीत रोजावर आहे. दर पंधरा दिवसांनी खाडा करून तो गोळ्यांसाठी पुण्याला जातो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक कुलपाचं कपाट आणि एक रजिस्टर ठेवलं, तर त्याचे महिन्याचे दोन खाडे वाचतील.

– एक निवृत्त एसटी वाहक, सातारा जिल्हा