येताना पत्र आणा

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात ना, पुण्यात यायला हरकत नाही पण तिथल्या चर्चमध्ये आपल्याला कोण ओळखतंय, ते दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

खरं सांगते, सुरुवात वाईटच झाली होती. कॅम्पात एका मोठ्या चर्चला गेले (नाव नको), जाऊन बसले आणि दोन मिनिटांत एक बाई येऊन म्हणाल्या, ही आमची जागा आहे. मग उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे काही कळेना. 1970 ला नागपुरात सहा चर्च-मंडळ्या एक होऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं खरं, पण आपण अमेरिकन मराठी मिशनवाले आणि इथली बरीच चर्चेस मूळची अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाची, उपासनेची पद्धत थोडी वेगळी ती आहेच. भक्ती संपली, सगळे आपापल्यात बोलत उभे, मी रिक्षा करून घरी.

चिडू नका बाबा, पण रिक्षात मला तुम्हीच आठवलात. नगरला डावीकडचा तिसरा बाक, पंख्याखालचा. एकदा तिथं एक नर्सिंगची पोरगी बसली होती आणि तुम्ही ती उठेपर्यंत शेजारी उभं राहून खोकत होता. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला तू तिथं उभा राहा, असं आहे ना, तुम्हीच वाचून दाखवायचात!

आत्ताच्या चर्चमध्ये पण पहिल्या रविवारी नवीन आलेल्यांना उभं करून नाव, गाव, कुठली मंडळी ते सांगायला लावलं, टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि टाळ्या वाजवणारे पुढच्या रविवारी नाव विसरलेले असतात हेही आलंच. पण एक काकू काही न बोलता शेजारी येऊन बसल्या, उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडून गीताच्या नंबरवर बोट ठेवलं, टिळकांचं गीत होतं (आपले रेव्हरंड ना. वा. टिळक, लोकमान्य नव्हे). प्रत्येक वेळी उठायच्या आधी माझ्या कोपराला हळूच हात लावायच्या. नंतर चहा. चर्चचा चहा म्हटलं की मला इथलं पुण्याचं पंचहौद मिशनच आठवतं, 1890 ला तिथं मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्यांना आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं, आणि इथं काकू मला दुसरा कप प्यायला लावतायत.

पण मी तिथली झाले ती चौथ्या आठवड्यात. व्हॉट्सअपवर मेसेज आला, संडे स्कूलला टीचर कमी आहे, येशील का. स्वागत-बिगत ठीक आहे हो, काम सांगितलं की माणूस टिकतो. बाबा, तुमचा आवाज ऐकला तर क्वायरवाले सोडणार नाहीत. आईसाठी महिला मंडळ आहे, आणि मागच्या दाराला रँप आहे, पायऱ्या नाहीत.

तेवढं पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र घेऊन ठेवा, नंतर कोण नगरच्या खेपा घालणार. आणि इथंही पंख्याखालचा बाक आहे, तिथं एक आजोबा बसतात. मी विचारलंय त्यांना, सरकतो म्हणाले.

तुमची लाडकी,
ताई