माटोळीची यादी

॥ श्री ॥

स्विंडन, इंग्लंड
श्रावणातला शेवटचा रविवार

ती. आई-बाबांस आणि दोडामार्गच्या काकीस साष्टांग नमस्कार.

आमच्या गल्लीतला एक जण चवथीला गावी निघालाय. त्याच्या बॅगेत हे पत्र आणि बाबांसाठी दंडाला बांधायचं बीपीचं मशीन घातलंय. आई, तुझे व्हॉट्सॲपवरचे सगळे निरोप पुन्हा ऐकून प्रश्न लिहून काढले, तर एकवीस झाले. निम्मे काकीचे, आणि त्यातले दोन तिच्या शेजारणीचे! 'फोनवर सांगतेस ते डोक्यात राहत नाही, कागदावर लिही' असं तूच म्हणालीस. बाबांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवावं. फक्त वेगळ्या घडीत एक पान आहे, वर 'माटोळीची यादी' असं लिहिलेलं. बाबा, गणपतीवर फळं-पानं टांगून बांधतात त्या माटोळीतलं तुम्हांला कांगल्या आणि तोरिंगण यांतला फरकसुद्धा कळत नाही, तेव्हा ते आईकडे द्या.

आधी बाबांचंच. मशीनवर १२४/७८ आलं म्हणून तुम्ही गोळी बंद केलीत, असं आई म्हणाली. बाबा, चोडणला मामाच्या शेताच्या बांधातली मानस आठवा, ते खाडीचं पाणी अडवायचं दार. शेत कोरडं दिसतंय म्हणून मामा मानशीची फळी काढून ठेवतो का? फळी आहे म्हणून खारं पाणी आत येत नाही. तुमचा १२४ चा आकडा गोळीने आणलाय. गोळी कमी करता येते, कधीकधी बंदही होते, पण ते डॉक्टरने ठरवायचं. पाय सुजतात म्हणून बंद केली असेल तर तेही डॉक्टरला सांगा. तुमच्या गोळीचं नाव अॅम्लोडिपिन, तिने घोट्यांशी सूज येते हे ठाऊक असलेलं आहे आणि तिच्याऐवजी दुसरी गोळी देता येते. मात्र सुजेबरोबर धाप लागत असेल, आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

मशीन लावायचीही एक रीत आहे. बाजारातून चढण चढून आलात आणि लगेच पट्टा बांधला, असं नको. त्याआधी अर्धा तास चहा-विडी नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं (हे तुम्हांला सगळ्यात जड जाईल). पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एक मिनिट सोडून दोनदा बघायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहिलेली वही घेऊन गेलात तर डॉक्टरला एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर ते जास्त समजतात.

आई, मिठाचं तू विचारलंस. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, पोदेराचा पाव सगळं आलं. तू आमटीत चिमूटभर मीठ कमी घालतेस आणि ताटात मिठात मुरवलेल्या कैरीचं तोर वाढतेस, त्याला काय अर्थ आहे? सुक्या बांगड्याचं किसमूर मी बंद करायला सांगणार नाही, मला स्वतःला इथे त्याची स्वप्नं पडतात. पण पेजेबरोबर रोज नको. आणि ते गुलाबी सैंधव आणू नकोस. तेही मीठच, सोडियम तितकंच, वर बहुतेक पाकिटांत आयोडीन नसतं.

दादाची उपाशीपोटीची साखर ११८ आली. तो म्हणतो मधुमेह नाही. खरं आहे, १२६ पासून मधुमेह धरतात. पण ११८ ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात गोवा सगळ्या राज्यांत पहिला: मोठ्या माणसांत २६.४ टक्के मधुमेह, देशात ११.४. चार जण जेवायला बसले की त्यातला एक. दादाने एचबीए१सी ही रक्ताची चाचणी करून घ्यावी, तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, आदल्या रात्री लाडू न खाऊन तिला फसवता येत नाही. 'मी भात सोडला, पेज पितो' हे त्याचं वाक्य मी आमच्या औषधांच्या दुकानात सगळ्यांना इंग्रजीत करून सांगितलं. कुणालाच कळलं नाही आणि मी एकटीच हसत राहिले.

आता काकी. तुझा ताप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण काजूच्या बागेत तू जातेस. दोडामार्ग, बांदा आणि आमच्या सत्तरीकडे माकडताप होऊन गेलाय. तो गोचिडीतून येतो. काजू गोळा करायचे दिवस आणि बारक्या गोचिडी अंगावर चढायचे दिवस एकच. म्हणून बागेत पूर्ण बाह्यांचं घाल, पाय झाक, आरोग्य केंद्रातून अंगाला लावायचं तेल देतात ते लाव, आणि घरी आल्यावर ते कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ कर. पाल्यापाचोळ्यावर अंग टाकून दुपारची डुलकी नको. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवायचं. एकदम जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं असं झालं, तर डॉक्टरला 'मी काजूत जाते' हे न विचारता सांग. तू सांगितलं नाहीस तर त्याला कुठून कळणार? पावसात चिखलात उतरल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तरी तसंच. तो लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून येणारा ताप, असू शकतो आणि त्याचं औषध लवकर सुरू झालेलं बरं.

तापाला पॅरासिटामॉल चालते. पण क्रोसिन, कॅल्पॉल आणि डोलो ही एकाच औषधाची नावं आहेत, आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असतं. तू 'एकाने उतरला नाही म्हणून दुसरी घेतली' म्हणालीस ना, ती तीच होती. दोन वेळांत निदान चार तास हवेत आणि चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या. हाडकुळ्या माणसाला किंवा रोज पिणाऱ्याला त्याहूनही कमी, विचारून. कसला ताप ते कळेपर्यंत आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन घेऊ नकोस, डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरला विचारायचं. आणि डेंग्यूत ताप उतरला की माणूस बरा झाला असं समजून आपण पाठ फिरवतो, धोका नेमका तेव्हा असतो. पोटात खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यातलं काही दिसलं तर सरळ इस्पितळ.

मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक डब्यात आहे ती टाकून दे. इथे ती कुणी नुसतं मागून मिळत नाही, आणि रोज कुणीतरी माझ्यावर चिडून जातं.

राहिलं ते भराभर. तुझ्या नातवाला मध चाटवायचा नाही, वर्षाचा होईपर्यंत एक बोटही नाही. त्याच्या छातीला फेणी चोळायची नाही. जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यात, पेल्यात नाही. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. गुडघ्याला विश्रांतीपेक्षा चालणं बरं. बाबांची झोप दुपारी दोन तास होते, म्हणून रात्री येत नाही, त्याला गोळी नको.

चवथीला माझ्या वाटणीच्या दोन नेवऱ्या कुणीतरी खा.

तुमची
बाय

(वेगळं पान)

आई,

त्या मंगळवारी रात्री तू हळू आवाजात निरोप पाठवलास, अडतीस सेकंदांचा. 'वाड्यावरच्या एका बाईचं' म्हणून. पाळी जाऊन सात वर्षं झाली आणि आता दोनदा अंगावर गेलं. फोन केला असता, पण तुझा फोन नेहमी स्पीकरवर आणि बाबा शेजारी.

आमच्या काउंटरवरही बायका मैत्रिणीचं म्हणूनच विचारतात. कोण ते मी विचारत नाही.

त्या बाईला सांग, ही उष्णता नव्हे आणि पाळी पुन्हा सुरू झालीय असंही नव्हे. एक डाग पडला तरी दाखवायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: आतलं अस्तर सुकून पातळ झालेलं असतं, किंवा एखादा छोटा कोंब. पण कधी ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं पहिलं चिन्ह असतं, आणि तो लवकर सापडला तर बहुतेकदा ऑपरेशनने बरा होतो. म्हणून थांबायचं नाही. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात, जास्त वाटली तर बारीक नळीने थोडा तुकडा तपासायला घेतात. थोडं दुखतं, पोटात पाळीसारखी कळ येते, काही मिनिटांत होतं.

कधी कधी गेलं त्या तारखा, किती गेलं, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते तिने कागदावर लिहून न्यावं. सरकारी आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड बरोबर असू दे. आणि 'चवथ होऊन जाऊ दे' असं ती म्हणेल. माटोळी बांधायला दुसरी माणसं आहेत.

वहिनीला मी काही सांगितलेलं नाही. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात एकीला न्यायचंय, एवढंच म्हटलंय. ती गाडी घेऊन गुरुवारी सकाळी साडेसातला दारात येईल. त्या बाईला तयार राहायला सांग.