बाबांच्या दाढेबद्दल

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले ठणका थांबला, आता डॉक्टरकडे जायची गरज नाही, तेव्हापासून माझ्या डोक्यातून ती दाढ जातच नाहीये. मी इथे क्लिनिकमध्ये असे पेशंट सारखे बघते म्हणून जरा नीट लिहिते.

बाबा, दाताचं वरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल, वजनाने साधारण 96 टक्के खनिज, शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, पण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपतात, त्यामुळे एकदा किडून खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. आत पिवळसर डेंटिन आणि मधोमध पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा. कीड तिथवर पोचली की पल्प सुजतो, पण चारी बाजूंनी कडक भिंती, सुजायला जागाच नाही, म्हणून तुम्हाला रात्र रात्र झोप लागत नव्हती. आणि मग ठणका अचानक थांबला ना, तेव्हा दाढ बरी नाही झाली, आतली नस मेली असणार. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात, त्यात तुम्हाला शुगर, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

उपटूनच टाकू म्हणू नका लगेच. दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं, मधे बारीक तंतूंचा थर असतो, भातात एवढासा खडा आला तरी कळतो तो त्याच्यामुळेच, आणि इम्प्लांटला, म्हणजे उपटलेल्या दाताच्या जागी हाडात बसवतात त्या कृत्रिम दाताला, तो थर नसतो. रूट कॅनलमध्ये फक्त मेलेला पल्प काढून आतली पोकळी साफ करून भरतात, मूळ जागेवर राहतं. आधी एक्स-रे काढून बघू दे त्यांना.

आई, तुला गार पाण्याने कळ जाते त्याचं कारण वेगळं. तुझ्या हिरड्या खाली सरकल्यात, आणि मुळावर इनॅमल नसतंच, सिमेंटमचा पातळ थर असतो, तो घासून गेला की डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडतात. तो कडक ब्रश टाक आणि मिशरी बंद कर गं, खरंच.

शनिवारी दोघंही जा. बाबा, नाश्ता करून, शुगरची गोळी घेऊन जा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, आपल्या मनाने ती बंद करू नका. एक्स-रेचा फोटो मला लगेच व्हॉट्सअॅप करा.

तुमची,
मनू